कानाने बघायचा सिनेमा

नमस्कार श्रोतेहो. आज सई परांजपे यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांच्या सिनेमांबद्दल आणि टीव्हीवरच्या कामाबद्दल, आणि रेडिओवरून सिनेमाबद्दल काय बोलणार असं कुणाला वाटत असेल तर थोडं थांबा, कारण माझं म्हणणंच हे आहे की या बाईंचे सिनेमे रेडिओवरूनच निघालेत.

आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. आमचा टीव्ही बाहेरच्या खोलीत होता, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरवाला. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा आणि रविवारी हिंदी. आम्ही पोरं, शेजारची पोरं, आजी, दोन-चार काकू, सगळे सतरंजीवर. आणि आई स्वयंपाकघरात. कारण सिनेमा लागायची वेळ आणि पोळ्या करायची वेळ एकच. मधे भिंत. तिला पडदा दिसायचा नाही, पोळपाट-लाटण्याच्या आवाजातून जेवढं कानावर पडेल तेवढाच तिचा सिनेमा. मारामारीच्या सिनेमात तिला काही कळायचं नाही, मग ती आतून ओरडून विचारायची, काय झालं गं, कोण पडलं? पण ज्या रविवारी सई परांजपेंचा सिनेमा असायचा त्या दिवशी ती एकदाही विचारायची नाही. तिला सगळं कळलेलं असायचं. कोण आलं, कोण रुसलं, कोण दाराशी उभं राहून बोलावं की नको असा विचार करतंय, सगळं. मी तेव्हा लहान होते, मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पुढे मी स्वतः श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, लिहायला लागले आणि मग एके दिवशी लख्ख प्रकाश पडला की अरे, आई तेव्हा श्रुतिका ऐकत होती!

सईबाईंची सुरुवात आकाशवाणी पुणे केंद्रावर झाली, निवेदिका म्हणून. केंद्र सुरू झालं 1953 साली, म्हणजे तेव्हा सगळंच नवं होतं, आणि त्यांनी तिथे मुलांचे कार्यक्रम केले, त्यात त्यांचं नाव झालं. मुलांसाठी लिहिणं त्यांना तसं नवं नव्हतं, कारण त्यांचं पहिलं पुस्तक, मुलांचा मेवा, त्या आठ वर्षांच्या असताना छापून आलं होतं. घरच तसं होतं, आजोबा रँग्लर र. पु. परांजपे, आई शकुंतलाबाई, लिहिणारी, सिनेमात काम केलेली आणि कुटुंबनियोजनाच्या कामासाठी त्या काळात लोकांचा रोष पत्करलेली बाई. पण घराण्याबद्दल मी जास्त बोलत नाही, ते सगळे सांगतात. मला रेडिओबद्दल बोलायचंय.

रेडिओसाठी लिहिणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकावी लागते. तुम्ही काहीही दाखवू शकत नाही. पात्र खोलीत आलं हे पावलांवरून कळायला हवं, चिडलंय हे कप बशीवर कसा आपटला त्यावरून कळायला हवं, आणि दोन माणसं एकमेकांपासून किती लांब उभी आहेत हे आवाजातून कळायला हवं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे प्रत्येकाची बोलायची ढब वेगळी हवी, नाहीतर ऐकणाऱ्याला तिसऱ्या वाक्याला कळेनासं होतं की कोण बोलतंय. हे सगळं ज्याच्या अंगात मुरलंय असा माणूस जेव्हा कॅमेऱ्याकडे जातो तेव्हा काय होतं? तेव्हा स्पर्शसारखा सिनेमा होतो.

स्पर्श आठवा, ज्यांनी बघितलाय त्यांनी. अनिरुद्ध परमार, नसीरुद्दीन शाह, दिल्लीतल्या अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक, स्वतः अंध. एके दिवशी तो डॉक्टरकडे निघालाय. वाटेत कुठल्यातरी घरातून गाण्याचा आवाज येतो, बाईचा आवाज, आणि तो त्या आवाजाच्या मागे मागे जातो आणि डॉक्टरच्या दाराऐवजी तिच्या दाराशी जाऊन उभा राहतो. ती कविता, शबाना आझमी, नवरा गेलेली, घरात स्वतःला कोंडून घेतलेली. सिनेमातली त्यांची पहिली भेट ही अशी. आपल्याकडे नायक-नायिका एकमेकांना बघतात आणि प्रेमात पडतात, इथे बघण्याचा प्रश्नच नाही, एका दारातून आवाज बाहेर येतो आणि एक माणूस रस्ता सोडून त्या दाराकडे वळतो. मला सांगा, ही रेडिओची सुरुवात नाही तर कशाची आहे?

आणि तो कॉफीचा प्रसंग. अनिरुद्ध आपल्या ऑफिसात कविताला कॉफी करून देतोय. तो यजमान, ती पाहुणी. त्याला सगळं माहितीये, कप कुठे आहे, साखर कुठे आहे. पण ती चटकन पुढे होते, राहू दे मी करते म्हणून, म्हणजे आपण कुणीही केलं असतं तेच ती करते, चांगल्या मनाने करते. आणि तो भडकतो. तो प्रसंग मी कितीदा बघितला असेल. आधी बघायचे तेव्हा मला अनिरुद्धचा राग यायचा, एवढं काय चिडायचं, बिचारी मदतच करत होती ना. नंतर माझ्याच लक्षात आलं की मी मनात बिचारी म्हणाले, आणि हा बिचारा शब्दच त्याला नको आहे, कुणाच्याच बाबतीत. मदत हवी तर मागून घेऊ, कीव नको. हे सईबाई भाषण करून सांगत नाहीत, एका कॉफीच्या कपावर सांगतात. आणि गंमत बघा, अनिरुद्धलाही त्या सोडत नाहीत. त्याचा ताठरपणा, त्याचा संशय, ही माझ्याशी लग्न करतेय की माझ्यावर उपकार करतेय, यात तो स्वतःला किती त्रास करून घेतो आणि तिलाही, ते सगळं आहे त्यात. देव करून ठेवलेला नाही त्याचा.

हा सिनेमा दिल्लीच्या खऱ्या अंध शाळेत केला, ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या. त्यातली मुलं त्या शाळेतली, आणि अनिरुद्ध हे पात्रही तिथल्या मुख्याध्यापकांवरून सुचलेलं. मुलांचे प्रसंग ऐकताना, बघताना नाही, ऐकताना लक्ष द्या, ती मुलं एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत, एकाचं संपेपर्यंत दुसरा थांबतो, कारण कानावरच भिस्त आहे. हे लिहून आणता येत नाही, त्याच्यासाठी त्या मुलांमधे जाऊन बसावं लागतं. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, पटकथेचा पुरस्कार सईबाईंना आणि अभिनयाचा नसीरना, आणि एवढं होऊनही सिनेमा थिएटरात यायला 1984 उजाडलं. पुढच्या वर्षी फिल्मफेअरमधे सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन. चार-पाच वर्षं असा सिनेमा डब्यात पडून होता याचा मला आजही राग येतो.

आता मधला एक मोठा टप्पा राहिला, टीव्हीचा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकून 1963 मधे त्या बाहेर पडल्या आणि पुढे दिल्लीच्या टीव्हीवर बरीच वर्षं काम केलं. तेव्हाचा टीव्ही म्हणजे आकाशवाणीचाच धाकटा भाऊ, 1959 मधे दिल्लीत सुरू झाला तो आकाशवाणीच्याच पोटातून, आणि दूरदर्शन म्हणून वेगळा संसार थाटला तो थेट 1976 च्या एप्रिलमधे. आपल्याकडे मुंबई केंद्र 1972 ला आलं. म्हणजे सईबाई रेडिओतून टीव्हीत गेल्या म्हणताना घर बदललं असं नाही, खोली बदलली. पैसा नाही, जागा नाही, हाताशी असलेल्या दोन खोल्यांत आणि चार पात्रांत नाटक उभं करायचं. द लिटल टी शॉप हा त्यांचा 1972 चा टीव्हीपट, त्याला तेहरानला आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. नावच बघा, छोटं चहाचं दुकान. पुढे स्वतः मालिका केल्या, अडोस पडोस, छोटे बडे, सगळ्या घरातल्या, शेजारच्या, जिन्यावरच्या. अडोस पडोसमधे अमोल पालेकर होते. आज ज्याला मोठी मालिका म्हणतात तसलं त्यात काही नव्हतं, कुणी कुणाला विष घालत नव्हतं, आणि आम्ही तरी वाट बघायचो.

चश्मेबद्दूरचं मूळही त्यांच्या एका टीव्ही नाटकात आहे. 1981 चा सिनेमा, फारूख शेख, दीप्ती नवल, राकेश बेदी, रवी बासवानी, आणि पानवाले लल्लनमियाँ म्हणजे सईद जाफरी, उधारीची वही घेऊन बसलेले. तीन पोरं दिल्लीत एका खोलीत राहतात. दोघं मुलींच्या मागे, तिसरा सिद्धार्थ, पुस्तकात डोकं घालून बसलेला. मग दारावर टकटक. पुन्हा दार! नेहा उभी, चमको साबणाची पावडर विकायला आलेली. ती मळका कपडा मागते, बादली मागते, पावडर टाकते, फेस करते, आणि पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवते, आणि हा शांतपणे बसून ऐकतो. संबंध प्रसंगात साबणाशिवाय दुसरा विषय नाही. पण तुम्ही डोळे मिटून ऐका, सुरुवातीला ती विकणाऱ्या बाईच्या आवाजात बोलते आणि हळूहळू तो आवाज सैल पडत जातो, आणि त्याचे प्रश्न साबणाचेच असतात पण विचारताना तो अडखळायला लागतो, ते प्रेमात पडल्याचं कुणी सांगत नाही आणि आपल्याला मात्र कळलेलं असतं.

त्यात अजून एक गोष्ट आहे ती मला फार आवडते. ते दोघं मित्र आपण त्या मुलीला कसं पटवलं याच्या थापा मारतात तेव्हा त्यांच्या थापांमधे सिनेमाची गाणी वाजतात, बागेतली, झाडामागची, सगळं साग्रसंगीत. आणि खरं प्रेम करणारे दोघं मात्र नुसते बसून बोलतात, कॉफी आणि टुटीफ्रुटी आइस्क्रीम मागवून. थाप मारायची तर सिनेमाचं गाणं लागतं आणि खरं असलं की साधं बोलणं पुरतं, एवढं बारीक त्यांनी ऐकलंय. 2013 मधे त्याचा रीमेक आला, आणि त्याच दिवशी, 5 एप्रिलला, जुना सिनेमाही साफसूफ करून परत थिएटरात लागला. मी जुनाच बघायला गेले होते आणि हॉलमधे कॉलेजची पोरं साबणाच्या प्रसंगाला माझ्याइतकीच हसत होती.

मग कथा, 1983. शं. गो. साठे यांच्या ससा आणि कासव या मराठी नाटकावरून. चाळ. आता चाळीचे आवाज मी तुम्हाला काय सांगू, नळाला पाणी आल्याची ओरड, गॅलरीतून गॅलरीत मारलेली हाक, कुणाच्या तरी घरचा रेडिओ सगळ्यांना फुकट. त्यात राजाराम, नसीर, साधा क्लार्क, मनातलं चाळीतल्याच संध्याला सांगायला तोंड उघडत नाही. आणि त्याच्याकडे मुक्कामाला येतो बाशू, फारूख शेख, तोंडाचं दुकान कायम उघडं. चश्मेबद्दूरमधला तो गरीब स्वभावाचा सिद्धार्थ आणि हा लबाड बाशू एकच नट, आवाजात साखर तीच, पण इथे ती साखर विकायला ठेवलीये. आमच्या घरी कथा लागला तेव्हा बाहेर सगळे बाशूवर खूश होते, आजीसुद्धा. आणि आतून आई म्हणाली, हा मेला खोटं बोलतोय. अजून सिनेमात काहीच घडलं नव्हतं. आम्ही तिला गप्प बसवलं. तासाभराने सगळे गप्प झाले. तिला बाशूचं हसू दिसत नव्हतं ना, तिला फक्त बोलणं ऐकू येत होतं.

दिशा बद्दल फार लोक बोलत नाहीत, 1990 चा, नाना पाटेकर, शबाना, ओम पुरी, रघुवीर यादव. गावाकडून मुंबईच्या गिरणीत आलेली माणसं, एका गाळ्यात दाटीवाटीने राहणारी. आणि तिकडे गावात ओम पुरीचा परसराम विहीर खणतोय. वर्षानुवर्षं खणतोय. गाव हसतं. पाणी लागेल म्हणतो. इकडे मुंबईत गर्दी आणि तिकडे दगडावर पडणारा एका माणसाचा घाव, माझ्या डोक्यात या सिनेमाचं चित्र नाहीच, तो घाव आहे. पाणी लागतं शेवटी. गाव सोडून माणसं का जातात याच्यावर आपल्याकडे इतकं बोललं जातं, मला वाटतं हा सिनेमा शाळा-कॉलेजांत दाखवायला हवा, आणि खरंच मनापासून वाटतं.

साजबद्दल प्रामाणिकपणे सांगते, गाणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट, चार चार संगीतकार त्यात, झाकीर हुसेन आणि यशवंत देव धरून, पण मला तो बाकीच्यांइतका नाही भिडला, त्यात गाणं मोठं झालं आणि बोलणं मागे राहिलं असं वाटलं. तुम्हाला वेगळं वाटू शकतं. त्यांची मराठी नाटकं, जास्वंदी, सख्खे शेजारी, त्यावर एक स्वतंत्र भाग करावा लागेल, आणि माहितीपट तर राहिलेच. 2006 मधे पद्मभूषण मिळालं, आणि सय हे त्यांचं आत्मकथन आहे, ते नक्की वाचा, वाचताना कुणीतरी शेजारी बसून बोलतंय असं वाटतं.

वेळ होत आलीये, काचेपलीकडून खूण झालीये. जाता जाता स्पर्शमधलं सुलक्षणा पंडित यांनी गायलेलं एक गाणं लावतोय, संगीत कनू रॉय यांचं, शब्द इंदू जैन यांचे. स्वयंपाकघरात असाल तर तिथेच थांबा, बाहेर यायची गरज नाही. अनिरुद्धही रस्त्यावरच होता, त्यानेही आधी एवढंच ऐकलं होतं.