कालचा फेस, आजचे तुरे

(दृश्य: ठाण्याजवळचं येऊरचं जंगल, जुलैतली सकाळ. पानांवरून पाणी ठिबकतंय.)

पावसाळ्यात येऊरला येणाऱ्यांची नजर वर असते, ढगांकडे, पक्ष्यांकडे. आपण मात्र आज वाटेकडेच्या या ओंडक्यापाशी उकिडवे बसणार आहोत. साल सुटलेली, बोट लावलं तर भुसा होईल असं लाकूड.

काल सकाळी इथे फेस होता. शिजवलेला साबुदाणा सांडावा तसा, पांढरा, ओला. दुपारपर्यंत त्यातले दाणे उंचावून त्यांचे बारीक खांब झाले. अंधाराआधी जंगल सोडावं लागतं, म्हणून पुढचा टप्पा आमच्या कॅमेऱ्यात नाही. आज त्याच जागी हे तपकिरी तुरे उभे आहेत. उंची बोटाच्या पेरापेक्षाही कमी.

हा स्टेमोनायटिस, स्लाइम मोल्डचा एक प्रकार. मराठीत श्लेष्मकवक. नावात कवक आलं तरी ही बुरशी नाही, हिचं नातं अमीबाशी.

फेस वर येण्याआधी हा जीव ओंडक्याच्या आत फिरत होता. सबंध शरीर म्हणजे एकच पेशी, तिच्यात केंद्रकं मात्र हजारोंनी. आतला रस काही वेळ पुढे वाहतो, थबकतो, मग उलटा फिरतो. असं करत, वाटेतले जीवाणू गिळत, ती पेशी सरकत राहते. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. तरी तिच्या एका पिवळ्या नातलगाने, फायसॅरमने, जपानी संशोधकांना चकित केलं. टोकियो आणि भोवतालच्या शहरांच्या जागी त्यांनी ओट्सचे दाणे ठेवले. साधारण २६ तासांत फायसॅरमने ते दाणे जोडले, आणि ते जाळं तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी मिळतंजुळतं निघालं. हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज लोकलने जाणाऱ्या ठाणेकराने तो नकाशा जरूर बघावा.

(दृश्य: भिंगातून तुरे.)

आता भिंग धरा. श्वास रोखून. खाली काळा, चकचकीत, केसाएवढा देठ. वर मखमली कणीस. खाणं संपत आलं की पेशी उजेडात येते आणि आपलं सारं शरीर या तुऱ्यांत ओतते. मागे उरतो तो फक्त एक पातळ, वाळका पापुद्रा.

हलकीशी फुंकर... हा धूर दिसला? हे बीजाणू. ते उडून गेल्यावर देठाभोवती तपकिरी धाग्यांची जाळी राहते. इतकी नाजूक वीण मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एक जोराची सर आली की ती जाते, म्हणून इथे उद्यावर टाकून चालत नाही.

शेजारच्या पानावर गुलाबी तुरे आहेत, म्हातारीच्या केसांसारखे मऊ. ती आर्सिरिया, हीसुद्धा श्लेष्मकवकच.

आणि हा बघा, टाचणीच्या डोक्याएवढा भुंगेरा. तुऱ्यावर चढलाय, बीजाणू खातोय. पाय, पाठ, सगळं तपकिरी भुकटीने माखलंय. तो जाईल तिथे थोडे बीजाणू सांडतील. ओल मिळाली की त्यांतून सूक्ष्म पेशी बाहेर पडतील, त्यांतल्या दोन मिळून एक होतील आणि ती एकच पेशी वाढू लागेल.

(आवाज: पानांवर पडणारे पहिले थेंब.)

भुंगेरा सालीखाली गेला. सर आली.