ब्रीदातून गळलेली पिल्लं

'प्रोवोकान्स आद वोलांदुम.' मुंबईत धोबीतलावाजवळ जेझुइट पाद्रींनी 1869 साली सुरू केलेल्या सेंट झेवियर्स कॉलेजचं हे लॅटिन ब्रीद. शब्द सुटे केले की सोपं आहे. आद वोलांदुम म्हणजे उडायला. प्रोवोकान्स म्हणजे हाक घालून पुढे बोलावणारा. यातल्या 'वोक'चं आणि आपल्या 'वाचा'चं मूळ एकच. इंग्रजीत गेल्यावर मात्र 'प्रोव्होक' म्हणजे डिवचणं झालं, आणि तिथेच नवख्याचा गोंधळ उडतो.

पण हाक कुणाची? ब्रीदात ओळ अर्धीच आहे. पूर्ण ओळ लॅटिन बायबलात, 'अनुवाद' या ग्रंथाच्या 32व्या अध्यायात, मोशे या संदेष्ट्याच्या गीतात सापडते. गरुड घरट्यावर घिरट्या घालतो आणि पिल्लांना उडायला हाक देतो. 'पुल्लोस सुओस', आपल्या पिल्लांना, हे दोन शब्द ब्रीदात घेतलेच नाहीत. गरजही नव्हती म्हणा. पिल्लं समोर बाकांवर बसलेली होती.

1960च्या दशकापर्यंत मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासना, लॅटिनमध्येच व्हायची. त्यातली येशूने शिकवलेली प्रार्थना ऐका. 'आद्वेनियात रेग्नुम तूउम': तुझं राज्य येवो. 'फियात वोलुंतास तूआ': तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आजच्या इंग्रजीला अशा जागी 'मे' नाहीतर 'लेट' जोडावं लागतं. मराठीचं एका 'ओ'वर भागतं. पसायदानात जावो, सांडो, लाहो म्हणत मोठे झालेल्यांना ही क्रियापदं वेगळी समजवावी लागत नाहीत.

'क्रेदो', माझा विश्वास आहे, हा तर 'श्रद्धा'चा चुलतभाऊ. पण कान फसवतातही. 'आग्नुस देई' ऐकून अग्नी आठवतो, आणि अर्थ निघतो देवाचं कोकरू! अग्नीचा खरा नातलग वेगळाच, 'इग्निस'.

आता दफनभूमीत. क्रूसाखाली तीन अक्षरं: आर. आय. पी. आपण 'रेस्ट इन पीस' वाचतो. लॅटिनमध्ये ते 'रेक्विएस्कात इन पाचे', शांतीत विसावो. 'पीस' हा 'पाचे'च्याच घराण्यातला; 'रेस्ट'चा आर जुळला हा मात्र योगायोग. हा 'रेक्विएस्कात' एकट्या माणसासाठी. नवराबायको एकाच दगडाखाली असतील, तर तो 'रेक्विएस्कांत' होतो, विसावोत. दगडावरची अक्षरं मात्र तीच तीन.