दौरा जुलैत, घाम एप्रिलपासून

[दृश्य : इंग्लंडमधल्या एका शाळेचं मैदान. एप्रिलची सकाळ. एका कडेला क्रिकेटच्या पिचवर रोलर फिरतोय, दुसऱ्या कडेला तीस मुलं हात चोळत उभी आहेत.]

इंग्लंडमधल्या शाळांचं रग्बीचं वेळापत्रक परदेश दौऱ्याला अजिबात सोयीचं नाही. पंधरा जणांच्या संघाचे सामने सप्टेंबरात सुरू होतात आणि डिसेंबरात संपतात. जानेवारी ते मार्च सेव्हन्स : सात जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव, स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांत गुंतून ढकलाढकली करतात तेव्हा, प्रत्येकी फक्त तीन खेळाडू. मार्चमध्ये लंडनची रॉसलिन पार्क स्पर्धा झाली की रग्बीचे बूट कपाटात जातात आणि क्रिकेटच्या बॅटा बाहेर येतात. मे आणि जून परीक्षांचे. आणि दक्षिण आफ्रिकेचं विमान सुटतं जुलैच्या मध्यावर.

तिकडे तेव्हा हिवाळा असतो आणि शालेय रग्बी ऐन भरात असतं. अठरा वर्षांखालच्या प्रांतीय संघांची क्रेव्हन वीक ही स्पर्धा १९६४पासून साधारण याच सुमारास भरते. म्हणजे समोरची मुलं चार महिने दर आठवड्याला टकरा अंगावर घेत आलेली आणि आपली मुलं सात महिन्यांत आठ जणांचा एकही पूर्ण स्क्रम न लावलेली. तयारीला हाताशी आहेत बारा आठवडे, त्यातले जवळपास सहा परीक्षेचे.

[दृश्य : गवतावर चार मार्कर. शून्य, वीस, चाळीस, साठ मीटर.]

पहिल्या आठवड्यात फक्त मोजमाप. दम मोजणाऱ्या ब्रॉन्को चाचणीला घड्याळ आणि चार मार्कर एवढंच लागतं. वीस मीटरला जाऊन परत, चाळीसला जाऊन परत, साठला जाऊन परत. ही झाली एक फेरी, २४० मीटरची. अशा पाच फेऱ्या न थांबता, एकूण १२०० मीटर. शाळकरी बॅकनं (मागे राहून पळणाऱ्या खेळाडूनं) पाच मिनिटांच्या आत यावं, प्रॉपनं (स्क्रमच्या पहिल्या ओळीतल्या धिप्पाड गड्यानं) साडेपाचच्या आसपास. सहाच्या वर गेलेल्या मुलाला आधी महिनाभर नुसतं पळायला लावावं लागतं.

चाचणी बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत बिघडते. मुलं ती ४५ सेकंदांत मारतात आणि पाचवीला सत्तर सेकंद घेतात. आलेली वेळ मग ताकदीची नसते, उतावळेपणाची असते. दुसरी गफलत वळण्याची. प्रत्येक वेळी एकाच पायावर वळलं की त्या बाजूची जांघ भरून येते. पाय आलटून-पालटून वळायचं. आणि आज गवतावर घेतलेली चाचणी जूनमध्ये कृत्रिम मैदानावर घेऊन ‘सुधारणा झाली’ म्हणण्यात अर्थ नाही. मैदान तेच हवं, बूटही तेच.

या आकड्यावरून पुढचा सराव ठरतो. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, म्हणजे सेकंदाला चार मीटर. या वेगाच्या १५ टक्के वर, पंधरा सेकंद पळायचं : ६९ मीटर. मग पंधरा सेकंद विश्रांती. साडेपाच मिनिटंवाल्यांचा मार्कर ६३ मीटरवर, पावणेपाचवाल्यांचा ७३वर. शिट्टी सगळ्यांना एकच. प्रॉप आणि कडेनं पळणारा विंगर शेजारी-शेजारी पळतात, दोघांचीही तितकीच दमछाक होते आणि मागे पडल्याची लाज कुणालाच वाटत नाही. सुरुवातीला सहा मिनिटांचे दोन संच, मध्ये तीन मिनिटं आराम. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नको.

[दृश्य : जिम. एक मुलगा गुडघ्यांवर, जोडीदारानं घोटे धरलेले. शरीर हळूहळू पुढे झुकतंय.]

हा नॉर्डिक. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी याच्याइतका स्वस्त व्यायाम नाही. गुडघ्यांपासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे जायचं, शेवटी हात टेकायचे. सुरुवातीला दोन संच, प्रत्येकी चार वेळा. आठव्या आठवड्यापर्यंत तीन संच, आठ-आठ वेळा. कमरेतून वाकलं की सगळा भार निसटतो, आणि दहातली सात मुलं तिथेच वाकतात. पहिल्यांदा केल्यावर दोन-तीन दिवस पाय इतके दुखतात की मुलं पुढच्या वेळी टाळाटाळ करतात. म्हणून सुरुवात मुद्दाम थोडक्यात करायची, आणि वेगानं पळण्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम कधीच नाही.

बाकी जिम साधीच : स्क्वॉट, एका पायावरचा स्क्वॉट, पुलअप, पुशअप, दांडा ओढणं. ठरलेल्या सगळ्या आवर्तनांत पाठ सरळ राहिली, तरच पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला वजन वाढवायची घाई असते ती आरशासाठी, मैदानासाठी नव्हे.

मानेला मात्र वेगळा वेळ द्यावा लागतो. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान मान घडवतात ती कुस्तीच्या गरजेनं. स्क्रममधल्या मानेचं काम निराळं, तिला दाब आला तरी जागची हलू द्यायची नसते. म्हणून कपाळावर, डोक्याच्या मागे, दोन्ही कानांवर जोडीदाराचा तळहात, त्याचा दाब हळूहळू वाढणारा, मान सरळ आणि स्थिर, दहा सेकंद. प्रत्येक बाजूला तीनदा. झटका द्यायचा नाही.

प्रत्येक सरावाआधी वीस मिनिटं अ‍ॅक्टिव्हेट. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा हा वॉर्मअप इंग्लंडच्या रग्बी युनियननं बाथ विद्यापीठाबरोबर तयार केला. पळणं आणि वळणं, तोल, ताकद, उडी आणि दिशाबदल, असे त्याचे भाग. इंग्लंडमधल्या शाळांतच त्याची परीक्षा झाली. आठवड्यातून किमान तीन वेळा करणाऱ्या संघांत सामन्यातल्या दुखापती ७२ टक्क्यांनी कमी दिसल्या. ‘तीन वेळा’ यातच सगळं आहे. अधूनमधून केलं तर हा फरक दिसत नाही.

[दृश्य : परीक्षेच्या हॉलबाहेर दप्तरांची रांग.]

मे महिन्यात योजना कोलमडते, दरवर्षी. त्यासाठी सरावाचा भार आकड्यात धरून ठेवायचा. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं मुलाला विचारायचं, दहापैकी किती दमलास? उत्तराला मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटं गुणिले सहा, म्हणजे ३६०. आठवड्याची बेरीज वहीत, शनिवारच्या क्रिकेट सामन्यासकट. विचारायचं एकेकट्याला. मित्रांसमोर विचारलं तर कोणीच सातच्या वर जात नाही.

ऐन परीक्षेच्या पंधरवड्यात ही बेरीज निम्म्यावर आली तरी चालते. जिमचे दोन छोटे सराव आणि एक पळणं टिकलं तर फारसं काही हातचं जात नाही. धोका असतो परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात. मुलं मोकळी झालेली, प्रशिक्षक धास्तावलेला, आणि बुडालेलं सगळं एका आठवड्यात भरून काढायचा मोह. मांडीचा मागचा स्नायू नेमका याच आठवड्यात धरतो. परतीची चढण दोन-तीन आठवड्यांत विभागायला हवी.

[दृश्य : मुलं जमिनीवर पडतात, उठतात, पाच मीटर पळतात, पुन्हा पडतात.]

उत्तम ब्रॉन्को असलेला मुलगाही पहिल्या टक्करीनंतर दहा मिनिटांत धापा टाकतो. रग्बीत दम जातो तो पडण्या-उठण्यात, ढकलण्यात आणि समोरच्याला धरून ठेवण्यात, आणि त्याचा सराव नुसतं पळून होत नाही. त्यामुळे सातव्या आठवड्यापासून पळण्यातली काही मिनिटं काढून ती टक्करीला दिली जातात. आधी पडणं-उठणं : तीस सेकंद काम, तीस सेकंद आराम, आठ वेळा. छाती गवताला लागलीच पाहिजे. मग जोडीनं झोंबी.

टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, पायरीपायरीनं. दोघंही गुडघ्यावर, मग टॅकल करणारा गुडघ्यावर आणि समोरचा चालत, मग दोघं चालत, मग गादीच्या ढालीवर पळत, शेवटी खुल्या मैदानावर. प्रत्येक पायरीवर एकच तपासायचं : डोकं कुठे आहे? ते धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला हवं, त्याच्या मार्गात नको. दमलेला मुलगा आधी पाय लहान टाकायचं सोडतो, मग लांबून झेप घेतो, आणि डोकं चुकीच्या बाजूला जातं. म्हणून पूर्ण ताकदीची टक्कर सरावाच्या सुरुवातीला, टक्करीच्या पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, तिथून वाढवत वीसपर्यंत. इतक्या महिन्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण वेगात सोडलं, तर खांदे आणि गळ्याजवळची हाडं विमान सुटण्याआधीच मोडतात.

डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मुलगा बाहेर. सामन्यात परतायला किमान २१ दिवस. दौराच सोळा दिवसांचा, म्हणजे तिथे पहिल्या सामन्यात असं झालं, तर त्या मुलानं उरलेले सामने बाकावरून पाहायचे. यात तडजोड नाही, पालकांच्या फोनमुळेही नाही.

[दृश्य : जोहान्सबर्ग. पिवळं, सुकलेलं गवत. धुळीचा पट्टा.]

जोहान्सबर्ग साधारण १७५० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे हे मैदान त्याच्याही शंभर मीटर वर. हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १८ टक्के कमी. एकदा जोरात पळणं इथे अवघड जात नाही, पण त्यानंतर श्वास जागेवर यायला जास्त वेळ लागतो. इंग्लंडात राहून याची सवय करता येत नाही. दुकानात ‘उंचीचा मास्क’ म्हणून मिळतो तो फक्त श्वास अडवतो, हवेतला प्राणवायू विरळ करत नाही. पैसे वाया.

करता येतं ते इतकंच : शेवटच्या चार आठवड्यांत लागोपाठच्या धावांचा सराव, दहा सेकंद जोरात, वीस सेकंद आराम. तिथे पोचल्यावर पहिल्या सामन्यात बदली खेळाडू लवकर उतरवायचे, दुसऱ्या डावाच्या मध्याची वाट न पाहता. हवा कोरडी, पहाटे चार-पाच अंश, दुपारी सतरा. तहान जाणवत नाही आणि पाणी कमी प्यायलं जातं. किक मारणाऱ्याला वेगळा तासभर द्यावा, कारण विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि टचलाइनचे (मैदानाच्या कडेच्या रेषेचे) सगळे अंदाज चुकतात.

बूट दोन जोड. जोहान्सबर्गच्या पठारावर जमीन दगडासारखी, तिथे आखूड रबरी खिळ्यांचे. लांब धातूचे घातले तर नडग्या दुखतात. पुढे केपटाउनला जुलैत पाऊस, मैदान चिखलाचं, तिथे लांब खिळे लागतातच. सुक्या गवतावर गुडघे-कोपरं सोलवटतात. साबणानं धुवायची आणि झाकायची. उघडी जखम घेऊन स्क्रममध्ये गेलं की त्वचेचा संसर्ग एकाकडून आठांकडे जातो.

लंडनहून अकरा तासांचा रात्रीचा प्रवास, घड्याळात फरक एका तासाचा. त्यामुळे झोपेचं वेळापत्रक बिघडत नाही, पोटऱ्या आखडतात एवढंच. उतरल्या दिवशी तीस मिनिटं हलकं पळणं आणि चेंडू हाताळणं, टक्कर शून्य. निघण्याआधीच्या दहा दिवसांत सरावाची मिनिटं चाळीस टक्क्यांनी उतरवलेली असतात, वेग मात्र तोच ठेवलेला. शेवटच्या आठवड्यात ब्रॉन्को घेत नाहीत. आकडा काही आला तरी तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

[दृश्य : कागदावर नावांचा तक्ता, पेन्सिलीनं खाडाखोड.]

मग उरतो हिशेब. एकोणीस वर्षांखाली सामना सत्तर मिनिटांचा. पाच सामने, पंधरा जण : ५२५० मिनिटं. तीस मुलांत वाटली तर प्रत्येकी १७५, म्हणजे अडीच सामने. सोळा दिवसांत एवढं झेपतं. स्क्रमच्या पहिल्या ओळीचं (दोन प्रॉप, मध्ये हुकर) गणित निराळं, कारण तिथे शिकलेलाच मुलगा लागतो. तेवीस जणांच्या संघात असे सहा असावेच लागतात, आणि शिकलेले कमी पडले की सामना न ढकलण्याच्या स्क्रमवर जातो. आठ जण नेले तर प्रत्येकी १३१ मिनिटं, दोघं जायबंदी झाले की उरलेल्यांना १७५. या वयात स्क्रम दीड मीटरपलीकडे ढकलता येत नाही, पण त्या दीड मीटरसाठीही मान आणि पाठ तयार लागते. म्हणून यादीतली शेवटची जागा तिसऱ्या फ्लायहाफला (चाली ठरवणाऱ्या बॅकला) न देता प्रॉप आणि हुकर दोन्ही खेळू शकणाऱ्या मुलाला जाते. तो मुलगा बहुधा एप्रिलमध्ये दोन्हींपैकी काहीच खेळत नसतो. त्याला हेरून मेच्या पहिल्या आठवड्यात स्क्रम मशीनपुढे उभं करावं लागतं, पाच-पाच सेकंदांचा दाब, सहा वेळा, दिवसाआड.