डोक्यावर पांढरी: सोलापूरच्या माळवदाची गोष्ट

[दृश्य: गल्लीवरून वर जाणारा कॅमेरा. सगळी छपरं सपाट.]

बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा. या पट्ट्यातल्या जुन्या घरांना कौलं क्वचितच. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मग उतरत्या छपराचा खटाटोप कशाला? इथं माळवद. म्हणजे मातीचं धाबं.

शिवार सगळं काळ्या मातीचं, पण तिचा एक कणही वर चढवत नाहीत. काळी भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात तिच्या भेगेत अख्खा हात जातो. छताला लागते पांढरी. गावठाणालाच 'पांढरी' म्हणतात ते उगाच नाही. पडलेल्या भिंती, राख, चुना मिसळून पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली ही माती, फार फुगत नाही. गढीच्या टेकाडावरून ती खणून आणतात, आणि पाटीत हमखास एखादं जुनं खापर येतं.

[दृश्य: घराच्या आतून वर पाहताना.]

खांबांवर तुळई, तुळईवर सर म्हणजे लाकडी वासे, सरांवर आडव्या चिपांचं किलचन. त्यावर वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, मग चिखलाचा थर, आणि शेवटी चाळलेली पांढरी, चोपून चोपून बसवलेली. जाडी साधारण फूटभर. उतार अगदी हलका, पन्हाळीकडे. उजेडाला मधे सवणे, म्हणजे छतातला झरोका. दुपारची झळ खोलीत उतरेपर्यंत दिवस मावळतो; तोवर माणसं अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असतात.

गळती बहुधा तीन जागी: सवण्याच्या कडेला, पन्हाळीच्या तोंडाशी, आणि उंदरानं पोखरलं तिथं. म्हणून मिरगाआधी डागडुजी. गवत मुळासकट उपटायचं, सुटी झालेली माती खरवडून काढायची, मगच नवी टाकायची.

खरवडण्याचाच कंटाळा केला जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे सुमारे साडेचार टन. वर आणखी एक इंच चढला की पावणेचारशे किलो वाढले. वीस वर्षं नुसती भर घालत गेलेलं माळवद किती जड असेल?

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. सोलापूरच्या ईशान्येला, लातूर-उस्मानाबादेत, किल्लारीचा भूकंप. मातीत रचलेल्या दगडी भिंती, आतला-बाहेरचा थर बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नाहीतच. भिंती फुटल्या आणि वरचा सगळा भार झोपलेल्यांवर आला.

[दृश्य: मोकळं माळवद. कडेला वाळत घातलेल्या मिरच्या, पन्हाळीशी टेकवलेलं खोरं.]