प्रत्येक ‘की’ जोडत नाही

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जुलै. शाळेचा व्हरांडा, भिजलेल्या छत्र्या.)

कौलांवर पाऊस असा कोसळतोय, की सरांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. दहावीचा वर्ग, मराठी माध्यम. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि आत्ता फळ्यावर इंग्रजी वाक्यांचे तीन प्रकार: सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स.

मराठीच्या तासाला हीच तिघं केवल, संयुक्त आणि मिश्र या नावांनी भेटलीत. तरी मार्क जातात ते पाठ केलेल्या युक्तीमुळं: ‘अँड’ दिसला, लिही कंपाउंड. ‘बिकॉज’ दिसला, लिही कॉम्प्लेक्स.

सर लिहितात, ‘रवी अँड संजू वेंट टू निपाणी.’

अर्धा वर्ग ओरडतो, “कंपाउंड!”

चुकलं. इथं ‘अँड’नं दोन माणसं जोडलीत, दोन वाक्यं नव्हेत. क्रियापद एकच, ‘वेंट’. वाक्य सिंपल. आता ‘रवी वेंट टू निपाणी, अँड संजू स्टेड होम.’ दोन कर्ते, प्रत्येकाचं आपापलं क्रियापद, मधला ‘अँड’ काढला तरी दोन्ही तुकडे उभे राहतात. हे कंपाउंड.

(दृश्य: पुलाखालून तांबडं पाणी.)

कणकुंबीला उगम पावलेली ही मलप्रभा. ‘क्रॉसिंग द मलप्रभा, शी केम टू स्कूल.’ ‘क्रॉसिंग’ क्रियापदासारखं दिसतं, पण एकटं काळ दाखवत नाही. आपल्या ‘ओलांडून’सारखंच. वाक्य सिंपलच.

‘बिकॉज ऑफ द रेन’ म्हणजे नुसतं ‘पावसामुळं’. ‘बिकॉज इट रेन्ड’ म्हणजे ‘पाऊस पडला म्हणून’. यात कर्ता आला, क्रियापद आलं, पण बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून काय? ते सांगणारं मुख्य वाक्य शेजारी आलं, की झालं कॉम्प्लेक्स.

खरं तर इथल्या पोरांना ही पारख घरातच मिळालेली असते. “ये की!” “बस की जरा!” “जेवून जा की!” बेळगावकडचा हा ‘की’ काहीच जोडत नाही, नुसता आग्रह करतो. ‘आई म्हणाली की पाऊस थांबला’ यातला ‘की’ मात्र जोडतो, कारण त्याच्यापुढं आख्खं उपवाक्य आहे. इंग्रजी तर याहून बेरकी. ‘शी सेड द रेन हॅड स्टॉप्ड.’ ‘दॅट’ गाळलाय, जोडणारा शब्दच नाही, तरी वाक्य कॉम्प्लेक्स.

(दृश्य: घंटा. दप्तरं आवरण्याची गडबड.)

मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, सोडा की आता!”

सर खडू खाली ठेवत नाहीत. “हा ‘की’ कुठला रे?”