मोरीतून वर आलेलं पाणी

(दृश्य: अमळनेर स्टेशन. सुरतेकडे जाणारी गाडी फलाटाला लागते आहे. पिशव्या, डबे, खिडकीतून हात.)

निवेदन:
खान्देशातून सुरतेला जायच्या दोन वाटा. एक रुळांची. भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर आणि मग उधना. दुसरी वाट पाण्याची. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. चांगदेवला पूर्णा तिला मिळते, हतनूरच्या धरणाला ती अडते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, प्रकाशाला गोमाई. उकाईला ती पुन्हा अडते आणि सुरत ओलांडून डुमसजवळ समुद्राला मिळते. लांबी ७२४ किलोमीटर. खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातला जवळजवळ ७९ टक्के भाग महाराष्ट्रातला. सुरतेच्या पुलाखालून वाहतं ते पाणी बहुतेक आपल्या आणि वऱ्हाडाच्या रानात पडलेलं असतं.

माणसंही त्याच उताराने गेली. लूमवर, साडीच्या फोल्डिंगला, रिंग रोडच्या कापड मार्केटात. लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या भागांत पानाच्या टपरीवर उभं राहिलं तर कानावर अहिराणी पडते. देशाचं जलशक्ती खातं २०२४ मध्ये ज्यांच्याकडे गेलं ते सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्याचे, आणि ज्या नवसारी मतदारसंघातून ते निवडून जातात त्यात लिंबायतही येतं.

खान्देशी माणसाला समुद्र बघायचा असला की मुंबईआधी डुमस आठवतं. काळी वाळू, संध्याकाळची गर्दी, टमाट्याची भजी. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचंच. भजी खाताना पाणी पायाजवळ येतं, तासाभरात लांब निघून जातं, ही गंमत वाटते. पावसाळ्यात लिंबायतच्या खोलीत पाणी शिरतं, त्यात या गमतीचाही वाटा असतो.

(दृश्य: डुमसचा किनारा, ओहोटी. मग त्याच जागी भरती.)

निवेदन:
खंभातचं आखात वर निमुळतं होत जातं, म्हणून आत शिरणारी भरती उंच चढते. देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या याच आखातात येतात. सुरतेच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक काही मीटरचा असतो. दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि अमावस्या-पौर्णिमेला जास्त जोराने. तापीत हे पाणी सिंगणपोरच्या बंधाऱ्यापर्यंत चढतं.

आता शहराच्या गटाराकडे बघू. पावसाचं पाणी रस्त्यावरून जाळीत, जाळीतून पाइपात, पाइपातून नदीत. नदीच्या काठाला, पाइपाच्या तोंडाशी लोखंडी झडप असते. आतल्या पाण्याचा दाब जास्त असला की ती बाहेर उघडते. बाहेर नदी वर आली की झडप दाबून बसते, नदी आत येत नाही. यंत्र साधं आहे. पण झडप बंद असताना शहरात पाऊस पडला, तर ते पाणी जाणार कुठे? पंप लावून बांधावरून उचलून टाकायचं, नाहीतर थांबायचं. आणि झडपेच्या फटीत एखादी गोणी, एखादी फांदी अडकली, तर झडप बंद होतच नाही. मग नदी पाइपातून उलटी चालत वस्तीत येते.

म्हणून सखल भागातला माणूस पुराची गोष्ट सांगताना रस्त्यापासून सुरुवात करत नाही. तो मोरीपासून करतो. "पानी मोरीमातीन उनं," एवढ्यात त्याचं सांगून होतं. दाराला आडवी फळी, वाळूच्या पिशव्या, सगळं तयार असतं, आणि पाणी येतं ते न्हाणीच्या जाळीतून, बुडबुडे काढत. जाळीवर पाटा ठेवा, वर वरवंटा ठेवा, ते कडेने येतंच.

सुरतेच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांना दुखणं आणखी वेगळं. तिथे खाड्या आहेत. मिठी खाडी, भेदवाड खाडी, कांकरा खाडी. नावं खाडीची, पण वरून येतं ते कामरेज, पलसाणाकडच्या शेतांतलं पाणी. मिंढोळा नदीला मिळून ते समुद्राकडे जातं. वरून पाऊस, खालून भरती, आणि मधल्या पात्रात भराव घालून उभी राहिलेली घरं. २०२० च्या ऑगस्टमध्ये आणि २०२४ च्या जुलैमध्ये लिंबायत-पर्वत पाटिया बाजूला पाणी भरलं, तेव्हा तापीने धोक्याची रेषा ओलांडलेली नव्हती. दूरदर्शनवर नदीचं पात्र दाखवत होते आणि पाणी होतं खाडीचं.

(दृश्य: हतनूर धरण. दरवाजे उघडलेले, तांबूस पाणी.)

निवेदन:
"हतनूरचे ४१ दरवाजे उघडले." दर पावसाळ्यात ही बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. भुसावळ-रावेरच्या काठावर गुरं वर घेतली जातात, बाकीच्यांना ती बातमी म्हणजे पाऊस चांगला झाल्याची खूण. उधन्याला राहणारा आपला भाऊ मात्र ती बातमी दोनदा वाचतो. कारण हतनूरमधून सुटलेलं पाणी, वाटेत मिळालेल्या नद्यांसकट, उकाईत जमा होणार. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं, त्याला २२ दरवाजे आहेत. ते किती आणि कधी उघडायचे, यावर सुरतेची रात्र ठरते.

२००६ चा ऑगस्ट तिथे कुणी विसरलेलं नाही. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला, धरण आधीच बरंच भरलेलं होतं, आणि शेवटी सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. हिशेब केला तर सेकंदाला अडीच कोटी लिटर. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरण आधीच का रिकामं केलं नाही, यावर पुढे बराच वाद झाला. वाद रास्तच होता. पण गटारांच्या झडपांनी काय करायचं होतं? नदीच बांधावरून आत आल्यावर झडपेला विचारतो कोण.

त्याआधी १९९४. पावसाळ्यात पाणी तुंबलं, कचरा आणि मेलेली जनावरं सडली आणि सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली. लाखो लोकांनी शहर सोडलं. खान्देशाकडे येणाऱ्या गाड्याही भरून आल्या. त्यानंतर १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि देशातल्या गलिच्छ शहरांत गणलं जाणारं सुरत काही वर्षांत स्वच्छतेसाठी ओळखलं जाऊ लागलं. झाडू आणि गटार या दोन गोष्टी एका हाताने सांभाळाव्या लागतात, हे त्या शहराने प्लेग सोसून शिकलं. तरी खाडीकाठ अजून बुडतो. समुद्र हलवता येत नाही.

(दृश्य: जळगाव. बजरंग बोगदा, गुडघाभर पाणी. दुचाकी ढकलणारे लोक.)

निवेदन:
इथे समुद्र नाही. भरती नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या वर आहे, आणि धुळं त्याहून उंच. जळगावचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याचा त्याहून कमी. सुरतेत जळगावच्या जवळपास दुप्पट पडतो. पाण्याला जायला एका बाजूला गिरणा, खाली तापी. तरी एक जोराची सर आली की रेल्वेखालच्या बजरंग बोगद्यात रिक्षा बंद पडते आणि नव्या कॉलनीत पार्किंगमधल्या गाड्यांच्या सीटला पाणी लागतं. सुरतेला निदान चंद्राकडे बोट दाखवता येतं. आपण कुणाकडे दाखवायचं?

आधी जमीन बघू. आपली काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांत जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचं पाणी ती फार हळू पिते. त्यामुळे मोकळ्या रानातूनही ऑगस्टमध्ये पाणी वाहतंच. ते वाहायला नाले होते. मेहरूण तलावाच्या सांडव्याचे, लेंडी नाल्यासारखे, गावनकाशावर निळ्या रेषेने काढलेले. त्या रानाचे प्लॉट पडले. लेआउटमध्ये नाला आधी 'वळवला' जातो, मग अरुंद होतो, मग त्यावर स्लॅब पडतो, स्लॅबवर गाळे येतात. चौथ्या पायरीला नाला फक्त वासावरून ओळखू येतो.

आता भुयारी गटार. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे त्यासाठी रस्ते खणले गेले आणि लोकांची समजूत अशी, की एकदा हे पाइप सुरू झाले की पाणी तुंबणं संपलं. ही समजूत कुणी खोडत नाही. थोडा हिशेब करू. भुयारी गटार सांडपाण्यासाठी असते. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात, असा तिचा सरकारी हिशेब. एक चौरस किलोमीटरमध्ये १० हजार लोक धरले, तर सरासरी सेकंदाला १२-१३ लिटर सांडपाणी. सकाळच्या गर्दीला तिप्पट धरा, चाळीसच्या आत. त्याच एक चौरस किलोमीटरवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं पाच कोटी लिटर. त्यातलं तीस टक्के मुरलं म्हटलं, तरी सेकंदाला साडेनऊ हजार लिटरच्या वर. चाळीस लिटरच्या पाइपात साडेनऊ हजार लिटर. म्हणून जोराच्या पावसात चेंबरचं झाकण उचलून मैला रस्त्यावर येतो. तो पाइपाचा दोष नाही. पावसाचं पाणी त्यात सोडणाऱ्या घराचा आहे, आणि पावसाळी गटार स्वतंत्र न बांधणाऱ्या आराखड्याचा.

रस्त्याचंही बघा. डांबरावर डांबर, मग त्यावर काँक्रीट. जुन्या पेठांत ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आता एक उरली. काही घरांत रस्त्यावरून खाली उतरून जावं लागतं. जुना थर खरवडून नवा टाकायचा, हे निविदेत लिहिलेलं असतं, असं म्हणतात.

(दृश्य: धुळे. पांझरा, फरशी पुलावरून वाहणारं पाणी. दोन्ही काठांना थांबलेले लोक, मोबाइल वर.)

निवेदन:
धुळ्याचं शहर जुन्या काळी आखून वसवलेलं. गल्ल्यांना नंबर, सरळ रस्ते, आणि पाणी नैसर्गिक उताराने पांझरेकडे. इथे मात्र सुरतेसारखा एक पेच आहे. वर अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं की पांझरा चढते आणि शहरातून येणाऱ्या नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाहिलं. पांझरेचा पूर ही धुळ्याची भरती. फरक इतकाच, की सुरतेची भरती रोज दोनदा येते, ही वर्षातून मोजक्या दिवशी, आणि येण्याआधी धरणावरून निरोप येतो. त्या मोजक्या दिवसांपुरते नाल्याच्या तोंडाशी झडप आणि पंप, एवढ्यावर भागण्यासारखं आहे.

याच पांझरेवर तरुण विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला सायफनचं काम केलं, हे धुळेकर अभिमानाने सांगतात. त्याहून जुनी गोष्ट कमी सांगितली जाते. साक्रीकडची फड बागायत. बंधारा, पाट, चाऱ्या, पाटकरी, पाण्याच्या पाळ्या. तिचं कौतुक नेहमी पाणी वाटून घेण्यासाठी होतं. पण पाटाला जागोजागी सांडम ठेवलेले असत, जास्तीचं पाणी परत नदीत काढून द्यायला. पाणी आणण्याची सोय करतानाच ते घालवण्याची सोय केलेली. नवीन वसाहतीचा नकाशा मंजूर होताना नळाच्या जोडणीवर जितकी चर्चा होते, त्याच्या निम्मी सांडव्यावर झाली असती तरी चाललं असतं.

(दृश्य: चाळीसगाव. तितूर नदीचा काठ, बाजारपेठ.)

निवेदन:
चाळीसगावचं प्रकरण निराळं, ते गटाराच्या खात्यात घालू नये. ३१ ऑगस्ट २०२१. कन्नड घाटाच्या डोंगरावर रात्रीतून पाऊस कोसळला. घाटात दरड आली. तितूर आणि डोंगरी या दोन नद्या शहरात मिळतात, त्या दोन्ही एकदम आल्या. घाटाच्या पायथ्याच्या गावांतली शेकडो जनावरं गेली, बाजारपेठेतली दुकानं चिखलाने भरली. तेवढा पाऊस कुठल्याच गटारात मावत नाही. पण नदीचं पात्र किती रुंद होतं आणि आता किती आहे, हे तिथला कुणीही दुकानदार हाताने दाखवतो. पूर ओसरल्यावर त्याच जागी पुन्हा टपऱ्या लागल्या. लागणारच. पोट तिथेच आहे.

(दृश्य: मे महिना. जेसीबी नाल्यातला गाळ काढून काठावर टाकतो आहे.)

निवेदन:
मे महिन्यात नालेसफाई होते. गाळ काढून काठावर ठेवतात, वाळल्यावर उचलायचा म्हणून. तो वाळेपर्यंत मृग लागतो आणि पहिल्याच पावसात गाळ घरी परततो. बिल मात्र गाळ काढल्याचं निघालेलं असतं. यावर एक साधा उपाय प्रत्येक प्रभागात करता येतो. गाळ उचलून नेणाऱ्या ट्रकचं वजन झाल्याशिवाय बिल नको.

आणि नाला मुळात किती रुंद होता, हा वाद असेल, तर त्याचं उत्तर कागदावर आहे. गावनकाशात नाला दाखवलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, फी भरून नक्कल मिळते, आणि गटांच्या हद्दी महाभूनकाशा संकेतस्थळावर मोबाइलवरही दिसतात. अर्ज करायला नाला तुमच्याच प्लॉटमधून जात असला पाहिजे, अशी अट नाही.