बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला: खानदेशची जुनी कचेरी

राम राम मंडळी! सकाळी भुसावळहून खांडव्याकडची गाडी धरली. सावदा, निंभोरा, रावेर, दोन्ही अंगाला केळीच केळी, आणि उतरलो बुऱ्हाणपूरला. तुम्ही म्हणाल, हे तर मध्य प्रदेशात! आज आहे. पण फारुकी सुलतानांची राजधानी आधी आपल्या शिरपूरजवळचं थाळनेर, आणि मग हे.

मागं दिसतोय तो शाही किल्ला. इथं कुणालाही विचारा, 'मुमताजचा महाल' म्हणतील. मला विचाराल तर ही खानदेशची कचेरी. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला, सुभा मुलाला, दानियालला दिला आणि नाव ठेवलं 'दानदेश'. ते काही टिकलं नाही! १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो बुऱ्हाणपुरात जहांगीर बादशहाच्या मुलाला, शहजादा परवेझला भेटला. नजराण्यात बाटल्यांची पेटी होती. शहजाद्याला ती चढली आणि ठरलेली खासगी भेट राहूनच गेली. हे रोनं स्वतः लिहून ठेवलंय. साहेब भेटत नाहीत, ही तक्रार जुनीच म्हणायची.

आता आत या, हमामखान्यात, म्हणजे शाही न्हाणीघरात. मोबाइलचा फ्लॅश बंद करा बरं. मान वर करा. वेलबुट्टी, फुलं, लाल-हिरवे रंग. काही ठिकाणी नुसता कोरा गिलावा. बघणारे विचारतात, 'हे रंगवत का नाहीत?' नाहीच रंगवायचं! पुरातत्त्वाच्या कामात उरलेलं जपतात. काजळी हळूहळू काढायची, सुटलेला गिलावा पुन्हा धरून ठेवायचा. गेलेलं फूल मनानं काढलं, तर ते आपलं झालं, त्या कारागिराचं नाही.

भिंतींचंही तसंच. जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि पोपडे धरतात. म्हणून चुना मुरवायचा, विटेची सुरखी घालायची. वेळ लागतो. आमच्या गावच्या देवळाला सिमेंट फासलंय, तिसऱ्या पावसाळ्यात भिंत फुगली. पुजारीबुवांना हा व्हिडिओ पाठवणार आहे.

पाणी कुठून यायचं? शहराला पाणी द्यायचा कुंडी भंडारा. सातपुड्यातून झिरपून तापीकडे जाणारं पाणी जमिनीखालीच अडवायचं आणि उतारानं शहरात आणायचं. मोट नाही, रहाट नाही. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

या, गच्चीवर. खाली तापी. पलीकडं झैनाबाद. १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात मुमताज बुऱ्हाणपुरात गेली. आग्र्याला नेलं ते डिसेंबरात. तोवर तिला पुरलं होतं, ते त्या तिकडं, आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या शाही बागेत. झूम करतो, थांबा... ती झाडं दिसताहेत ना, त्यांच्या मागं.